सात पाण्यांतून काढलेलं खोगीर

मी जन्मात कधी घोड्यावर बसले नाही. घरमालकांवर मात्र एकदा बसले आहे. हसू नका. भर दुपारी, मागच्या अंगणात, नऊवारीचा काष्टा सावरून, त्यांच्या उघड्या पाठीवर. आणि आमचे हे तेव्हा घरातच होते! आज इतक्या वर्षांनी सांगतानासुद्धा माझ्या कानांच्या पाळ्या तापतात, तर तेव्हा माझं काय झालं असेल, विचार करा.

त्या घरमालकांना सगळं पनवेल देवीडॉक्टर म्हणायचं. डॉक्टर ते नव्हतेच. सरकारात देवी टोचायची नोकरी. खांद्याला पत्र्याची पेटी अडकवायची, तालुक्यातली गावं, पाडे, ठाकूरवाड्या पालथ्या घालायच्या, पोरांच्या दंडांवर देवी काढायच्या आणि आठ दिवसांनी खपली धरली का ते बघायला परत जायचं. वय पन्नाशीच्या पुढे. बायको लग्नानंतर दोन वर्षांत देवीच्याच साथीत गेलेली. पुन्हा लग्न नाही, मूलबाळ नाही. पुढच्या चार खोल्यांत ते एकटे आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही भाडेकरू.

मी वाईची. लग्न झालं तेव्हा ह्यांना मुंबईत नोकरी होती, पण जागा नव्हती. म्हणून बिऱ्हाड पनवेलला. हे शनिवारी संध्याकाळी एसटीनं यायचे, सोमवारी उजाडताच जायचे. मधले सगळे दिवस मी, माझं शिवणाचं मशीन आणि हे देवीडॉक्टर. माझ्या आईला कळलं असतं की मला कसल्या माणसाच्या घरात ठेवलंय, तर ती दुसऱ्या दिवशी मला न्यायला आली असती.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. मी त्यांना म्हटलं, "मागच्या दाराची पायरी फार निसरडी आहे, एखादा गवंडी पाठवा." ते म्हणाले, "असं?" आणि उठले. घागरभर पाणी पायरीवर ओतलं, चपला काढल्या आणि चालत गेले की हो सरळ तिच्यावर! धाडकन आपटले. मी किंचाळले. ते तसेच उताणे, आभाळाकडे बघत म्हणतात, "बरोबर आहे तुमचं, सूनबाई. निसरडी आहे." मनगट महिनाभर गळ्यात बांधलेलं होतं. गवंडी मात्र दुसऱ्या दिवशी आला.

"आधी आपल्याला, मग दुसऱ्याला." हे त्यांचं पालुपद. ते लागलं कुठून, तर गावोगावच्या आयांमुळे. देवीडॉक्टर आले म्हटलं की बाया पोरांना कणगीत लपवायच्या. हे ओटीवर बसायचे, बाही वर करायचे आणि ती टोचायची फिरकी आधी स्वतःच्या दंडावर फिरवायचे. "बघ माय, मेलो का मी?" मग एकेक पोर बाहेर निघायचं. वीस-बावीस वर्षं हेच केलेलं. दोन्ही दंडांवर बोट ठेवायला जागा उरली नव्हती. मी पहिल्यांदा ते वण पाहिले तेव्हा मला वाटलं, ह्या माणसाला कुणी डागण्या दिल्यात की काय!

माझ्या मुलाला टोचायचं होतं तेव्हा मी रडून घर डोक्यावर घेतलं होतं. त्यांनी नेमाप्रमाणे आधी स्वतःला टोचलं. मग म्हणाले, "आता बापाला." हे वर्तमानपत्र वाचत होते. ह्यांनी बाही वर केली, फिरकीकडे एकदा पाहिलं आणि खुर्चीसकट मागे गेले. बाळ मात्र टकामका बघत होतं. त्या दिवसापासून आमच्या ह्यांनी डॉक्टरांशी कामापुरतंच बोलायचं ठरवलं. मला विचाराल तर मीही तेच ठरवलं होतं, पण मला ते जमलं नाही, कारण दर दोन दिवसांनी हा माणूस काहीतरी करायचा आणि मी "अहो डॉक्टर!" म्हणून ओरडत बाहेर धावायची.

तर घोडी.

त्यांचे गुडघे गेले. करंजाडं, बेलपाडा, तळोजा, सगळं पायी करायचे, ते जमेना. मग माथेरानच्या पायथ्याच्या एका घोडेवाल्याकडून त्यांनी एक घोडी आणली. तांबूस, ठेंगणी, पोट सुटलेली. नाव ठमी. मुंबईच्या शेठ लोकांची पोरं पाठीवर घेऊन डोंगर चढ-उतर करण्यात तिची उमर गेली होती. इतकी गरीब की माझ्या मुलानं तिच्या नाकपुडीत बोट घातलं तरी ती नुसती शिंकली.

घोडी आली, पण नुसती दाव्यासकट. डॉक्टर माझ्या दारात उभे. "सूनबाई, तुमच्याकडे मशीन आहे. एक खोगीर शिवून द्या."

"अहो, मी पोलकी शिवते. खोगीर कधी कुणी शिवलंय?"

"पोलकं अंगावर घालतात, खोगीर पाठीवर. फरक तो काय?"

गोणपाट हिराबाईनं आणून दिलं. हिराबाई म्हणजे आमची मीठवाली. खाडीपलीकडच्या मिठागरावरून डोक्यावर पाटी घेऊन यायची. तेव्हा पनवेलात जिकडेतिकडे मिठाच्या रिकाम्या गोण्या. पायपुसणं गोणीचं, खिडकीचा पडदा गोणीचा, खाटेवर गादीखाली गोणीच. डॉक्टरांनी गोणी हातात दिली आणि म्हणाले, "मिठाची आहे हं. सात पाण्यांतून काढा."

आता ऐका. वैशाख होता. विहीर तळाला गेलेली. दोर सोडता सोडता खांदे भरून यायचे. आणि त्याच दिवशी सकाळी ह्याच गृहस्थांनी विहिरीपाशी उभं राहून मला सांगितलं होतं, "पाणी जपून वापरा, सूनबाई. दोन घागरींत भागवा." माझ्या डोक्यात तिडीकच गेली. माणसांना दोन घागरी आणि घोडीच्या गोणपाटाला सात पाणी? वर हिराबाई म्हणाली, "धुवाची कशाला, बाय? मिठाची गोनी हाय ती. ढेकून लागत नाय, वाळवी लागत नाय. आमी पोरांना तिच्यावरच निजवतो."

झालं! मी ती गोणी दोनदा झटकली, उन्हात टाकली, आत पेंढा भरला आणि दाभणानं दोर घालून शिवून टाकली. संध्याकाळी त्यांनी विचारलं, "धुतलीत ना?"

"हो तर. चांगली सात पाण्यांतून."

मला त्यात काही वाटलंही नाही. भांडी दोनदा घासलीस का म्हणून सासूनं विचारावं आणि हो म्हणून मोकळं व्हावं, तसलंच ते.

पहिले चार दिवस ठमी गाईसारखी चालली. डॉक्टर पेटी पुढ्यात घेऊन टुकूटुकू जायचे आणि टुकूटुकू यायचे. पाचव्या दिवशी दुपारी दारात बघते तर घोडी पुढे, रिकामी, आणि मागून हे लंगडत, टोपीपासून चपलेपर्यंत धुळीत माखलेले.

"अगं बाई! काय झालं?"

"उसळली," ते म्हणाले. जणू दूध उतू गेलं.

मग ते रोजचंच होऊन बसलं. अंगणात उघडी असली की गरीब. खोगीर चढवलं तरी गरीब. डॉक्टर बसले तरी नाक्यापर्यंत गरीब. आणि ऊन चढून अंगाला घाम सुटला की डोकं पुढच्या पायांत, पाठ कमानीसारखी वर, मागचे पाय हवेत, आणि डॉक्टर कुणाच्या तरी भाताच्या खाचरात. एकदा निवडुंगात. मी त्यांचे काटे काढत होते आणि ते मला विचारत होते, "तिला काय दुखत असेल हो?" मी म्हटलं, "तिला? तुम्हाला विचारा की काय दुखतंय!"

गावानं अकला शिकवायला सुरुवात केली. कुणी म्हणे तळोज्याच्या वाटेवरच्या वडापाशी झपाटली. कुणी म्हणे कानात मिरी फुंका. कुणी म्हणे चाबकानं सोलून काढा, दोन दिवसांत सुतासारखी सरळ येईल. मार म्हटलं की डॉक्टर उठून जायचे. टांगा अड्ड्यावरचे चाचा तेवढे खरे जाणकार. त्यांनी ठमीचे दात पाहिले, खूर पाहिले, पाठीवरून हात फिरवला. पाठीवर एका जागी केस घासले होते. "एवढं तर हर घोड्याला असतं," ते म्हणाले. मग त्यांनी तिला दोन दिवस आपल्या टांग्याला जुंपून पाहिलं. टांग्याला ती एकदम शहाणी! ना उसळणं, ना अडणं. चाचांनी कपाळाला हात लावला. "डॉक्टरसाहेब, अजब चीज आहे ही. ओढायला फरिश्ता, बसायला सैतान."

टांग्याच्या घोडीच्या पाठीवर माझं खोगीर नव्हतं, हे तेव्हा ना चाचांच्या लक्षात आलं, ना डॉक्टरांच्या. माझ्या तर ध्यानीमनीही नव्हतं.

आणि मग साहेब आले. वरून, तपासणीला. भरगच्च मिशा, पायांत बूट. डॉक्टरांची नोंदवही त्यांनी बाजूला सारली आणि ठमीकडे पाहून म्हणाले, "ही का ती? जनावर माणूस ओळखतं, समजलात? मी तरुणपणी काठेवाडी घोडे फिरवलेत." डॉक्टर हात जोडून नको नको म्हणत होते. साहेब चढलेच. बाजारापर्यंत ऐटीत गेले. परतताना ऊन मी म्हणत होतं. मासळीबाजाराच्या तोंडाशी ठमीनं त्यांना असं उडवलं की ते एका बाईच्या सुकटीच्या ढिगात डोक्यावर पडले. खांद्याचं हाड मोडलं. अख्खा बाजार उभा राहून बघत होता, आणि हसू दाबता दाबता लोकांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

साहेब मात्र हसण्यावारी नेणारे नव्हते. झोळीत हात, अंगाला सुकटीचा वास, आणि तिथल्या तिथे हुकूम: असलं द्वाड जनावर वस्तीत ठेवायचं नाही. सोमवारी सकाळी शिपाई बंदूक घेऊन येईल. पिसाळलेल्या कुत्र्यांना घालतात तशी गोळी.

तो शुक्रवार होता.

डॉक्टर शुक्रवारी जेवले नाहीत. शनिवारीही नाहीत. मी ताट नेलं तर ठमीच्या पुढ्यात पाट टाकून बसलेले. "सूनबाई, मी हिला इथे आणली नसती तर ही डोंगरावर पोरं फिरवत म्हातारी झाली असती." चाचा तिथेच होते. ते म्हणाले, "बेजुबान आहे, साहेब. जबान असती तर तिनंच सांगितलं असतं, तकलीफ काय आहे ती."

डॉक्टरांनी मान वर केली. "तिला सांगता येत नाही," ते म्हणाले, "पण मला येतं."

चाचांना ते कळलं नाही. मला कळलं असतं तर मी रविवारी दाराला कडी घालून बसले असते.

रविवारी दुपारी मी भांडी घासायला मागे गेले आणि माझ्या हातातलं पातेलं खाली पडलं. देवीडॉक्टर अंगणात हातापायांवर उभे! अंगावर नुसतं धोतर, वर कासोटा खोचलेला. पाठीवर माझं खोगीर. आणि त्याचा पट्टा पोटाखालून आवळून बांधलेला. उन्हाळ्यानं त्यांची सगळी पाठ घामोळ्यांनी लाल झालेली. समोर खुंट्याला ठमी, गवत चघळत त्यांच्याकडे बघतेय.

"अहो डॉक्टर! हे काय आरंभलंय?"

"यजमानांना बोलवा. पाठीवर बसायला माणूस हवा."

हे बाहेर आले. त्यांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "मी? तुमच्या पाठीवर? वेडबीड लागलंय काय?" आणि आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं. आतून कडी वाजलेली मी ऐकली.

"मग तुम्ही बसा, सूनबाई."

माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. मी परस्त्री, ते परपुरुष, वडिलांच्या वयाचे, सरकारी नोकर! "तांदळाचं पोतं ठेवते," मी म्हटलं.

"पोतं ठेवून झालं सकाळी. पोतं हलत नाही. ठमीवर माणूस बसतो, हलतो, घासतो, घाम येतो." ते मान वर करून माझ्याकडे बघत होते, अगदी ठमीसारखे. "उद्या सकाळी मरणार आहे हो ती."

मी पदर खोचला. एका बाजूला पाय सोडून टेकायला गेले तर ओरडले, "असं नाही! दोन्हीकडे पाय! ठमीवर कुणी असं बसतं का?" देवा रे देवा! दोन्हीकडे पाय टाकून मी बसले. आणि नेमकं तेव्हाच मागचं फाटक करकरलं आणि डोक्यावर पाटी घेतलेली हिराबाई आत आली.

"अगो बाय माजे!" ती म्हणाली आणि तिनं दोन्ही हातांनी पाटी घट्ट धरली.

डॉक्टर चालायला लागले. हातापायांवर, अंगणाभोवती. पहिली फेरी झाली. दुसरी झाली. त्यांच्या मानेवरून घाम ओघळून खोगिराखाली शिरत होता. तिसऱ्या फेरीला त्यांचा श्वास चढला. "काहीतरी होतंय," ते म्हणाले. "मुंग्या चावल्यासारखं." चौथ्या फेरीला त्यांच्या हातांची कोपरं थरथरायला लागली. "आग होतेय हो. निखारा ठेवल्यासारखी आग होतेय. उतरू नका. बसून राहा."

आणि मला कळलं. माझ्या मांडीखालचं ते गोणपाट घामानं ओलं झालं होतं. मला एका क्षणात सगळं कळलं. निवडुंग, खाचर, साहेबांचं हाड, टांग्याला शहाणी घोडी, सगळं.

"सूनबाई," ते धापा टाकत म्हणाले, "हे गोणपाट धुतलं होतंत ना?"

सांगायचं होतं हो! जीभ उचलली होती मी. पण समोर हिराबाई, दाराआड हे, आणि मी अशी बसलेली.

"हो," मी म्हटलं. "सात पाण्यांतून."

पुढच्या क्षणी मी हवेत होते. डॉक्टर उसळले! खरोखर उसळले, ठमीसारखे, डोकं खाली आणि पाठ वर. मी पेंढ्याच्या भाऱ्यावर जाऊन आदळले. हिराबाईनं पाटी टाकली आणि सगळ्या अंगणात मीठ सांडलं.

डॉक्टरांनी पट्टा सोडला, खोगीर उलटं केलं आणि त्याची खालची बाजू जिभेनं चाटली. मग ओरडले, "मीठ! अहो, मीठ आहे!" ते ठमीपाशी धावले, तिची घासलेली जागा बोटांनी उघडून पाहिली. केसांखाली कातडी सोललेली, लालभडक. तिच्या गळ्यात हात टाकून तो बाप्या हमसून हमसून रडला. "रोज तुझ्या जखमेवर मीठ चोळत होतो गं मी."

"मिठाची गोनी ती," हिराबाई म्हणाली, "तिला मीठ नाय तं काय साखर आसल? मी तं बाईंना तवाच..."

मी पदराचं टोक दातांत धरलं.

"चूक माझी आहे, हिराबाई," डॉक्टर मध्येच म्हणाले. "मिठाची गोणी घोडीच्या पाठीवर घालायची अक्कल माझी."

हिराबाईनं माझ्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि ती खाली बसून मीठ गोळा करायला लागली.

मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. मागून विहिरीचा रहाट वाजायला लागला. डॉक्टर खोगीर उसवून गोणी धूत होते. एक पाणी ओतायचे, गोणी पिळायचे, पिळलेलं पाणी ओंजळीत घेऊन चाखायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "एक. खारट." मग रहाट. "दोन. खारट." मी कानांवर हात ठेवले तरी ऐकू येत होतं. पाचव्या पाण्याला ते म्हणाले, "आता कमी आहे." सहाव्याला "गोड." तरी सातवं पाणी काढलंच. त्या वैशाखात, त्या गुडघ्यांनी, आणि आग होणाऱ्या उघड्या पाठीनं.

माझ्याकडे आईनं दिलेली एक गोधडी होती. तिच्या जुन्या लुगड्यांची, मऊसूत. मी कुणाला तिच्यावर पायही ठेवू देत नसे. ती उचलली, बाहेर गेले आणि ठमीच्या पाठीवर चार घड्या करून ठेवली. डॉक्टर म्हणाले, "अहो, ही तर माहेरची." खोबरेल तेलात हळद कालवून त्या जागेला लावली. आधी तिच्या, मग न बोलता वाटी त्यांच्या हातात दिली.

सोमवारी सकाळी शिपाई बंदूक घेऊन आला. हे त्या दिवशी मुंबईला गेले नाहीत, दारात उभे होते. अर्धा अड्डा आमच्या अंगणात. शिपाई म्हणाला, "डॉक्टर, माझाही नाइलाज आहे." डॉक्टर म्हणाले, "दहा मिनिटं द्या. मला पाडलं तर गोळी घाला." चाचांनी मध्ये हात घातला, "साहेब, जखम ताजी आहे, आज नका बसू." डॉक्टर म्हणाले, "आज नाही बसलो तर उद्या बसायला घोडी नाही." त्यांनी गोधडीला मधोमध भोक पाडलं, बरोब्बर त्या जखमेवर येईल असं. माझ्या आईच्या गोधडीला, माझ्या देखत! मी हूं की चूं केलं नाही. ते चढले. बाजारापर्यंत गेले, भर उन्हातून परत आले, ठमीच्या मानेवरून घाम गळत होता. मी देवाचं नाव घ्यायला गेले तर देवाचं नावही आठवेना. ठमी अंगणात आली, थांबली आणि शिपायाच्या बंदुकीची नळी हुंगायला लागली. शिपायानं चहा घेतला, कागदावर लिहिलं, 'जनावर गरीब आहे,' आणि गेला.

पुढे कितीतरी दिवस लोक विचारायचे, घोडी कशी हो सुधारली? डॉक्टर सगळ्यांना सांगायचे, "घोडी कसली सुधारते! गोणपाट धुवायला पाहिजे हे मलाच सुचलं नाही." माझ्यासमोर सांगायचे. माझ्याकडे न बघता सांगायचे. मी पदराआड तोंड करून उभी. दर वेळी वाटायचं, आता बोलावं. पण एक खोटं बोलायला जेवढा वेळ लागतो ना, ते परत घ्यायला त्याच्या शंभरपट लागतो. मला आठ वर्षं लागली.

आठ वर्षांनी ह्यांना मुंबईत जागा मिळाली. चाचांच्या टांग्यात सामान चढलं. डॉक्टर तोवर निवृत्त झाले होते आणि मागच्या अंगणात ठमीला खरारा करत बसले होते. दोघंही म्हातारी. मी नमस्काराला वाकले आणि वाकल्या वाकल्याच, जमिनीकडे बघत म्हटलं, "डॉक्टर, ते गोणपाट मी धुतलं नव्हतं. एकाही पाण्यातून नाही."

"ठाऊक आहे," ते म्हणाले.

"हो. तुम्ही पाणी चाखलंत तेव्हाच कळलं असेल तुम्हाला."

"छे! त्याच्या आधी." खरारा चालूच होता. "तुम्हाला काय वाटलं, मी मिठानं उसळलो? मीठ मी सोसत होतो, सूनबाई. आणखी दोन फेऱ्या सोसल्या असत्या. तुम्ही 'सात पाण्यांतून' म्हणालात ना, आणि तुमच्या दोन्ही टाचा माझ्या बरगड्यांत रुतल्या... तेव्हा उसळलो."

बाहेरून चाचा हाका मारत होते, एसटी चुकेल म्हणून. मी तशीच वाकलेली होते. मला कितीतरी वेळ उठताच आलं नाही.